खाऱ्या पाण्यातील शेजारी

पूर्वी परीक्षेत चांगले गुण मिळाले की मुले सायकल मागत. 2003 साली 'फाइंडिंग नेमो' हा चित्रपट आला आणि तेव्हापासून कित्येक मुलांना तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवासा झाला. आमच्या घरीही हा हट्ट झाला. आम्ही काचेची पेटी आणि पाच मासे एकाच दिवशी आणले. आठवड्याभरात पाचही मेले. धाकटीने विचारले, "आपण रोज पंचशील म्हणतो. मग हे मासे आपणच मारले का?" मारण्याचा हेतू नव्हता, हे खरे. पण अज्ञान आमचेच होते. ते इतर घरांत होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली चूक घाईची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होते. ते पचवणारे जिवाणू नव्या पेटीत नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत चिमूटभर खाद्य टाकावे, पण मासा सोडू नये. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच मासे आणावेत. पेटी किमान 100 लिटरची असावी. भरल्यावर तिचे वजन 100 किलोच्या वर जाते, म्हणून फळीवर ठेवू नये. चौपाटीचे पाणी किंवा स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. माशांसाठी मिळणारे समुद्री मीठ दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम लागते. पाणी आटले तरी मीठ पेटीतच राहते, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

दुसरी चूक शेजाऱ्यांची. आम्ही केवळ रंग पाहून मासे निवडले होते. निळी डॅमसेल स्वस्त आणि काटक असते, पण इतरांना कोपऱ्यात दाबते. लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो आणि त्याचे काटे विषारी असतात. चित्रपटातली निळी 'डोरी' वाढून जवळपास फूटभर होते; लहान पेटी तिच्यासाठी तुरुंगच. मँडरिन मासा बारीक जिवंत किडे खाऊन जगतो. नव्या पेटीत तो उपाशी मरतो.

मग कोण चालेल? पहिला फायरफिश. तो भित्रा असतो, म्हणून आधी त्यालाच सोडावे, म्हणजे त्याला जागा ओळखीची होते. तो उडी मारतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवे. दोन-तीन आठवड्यांनी नेमोची जोडी आणावी, एक लहान आणि एक मोठा. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. तिसरा नेमो आणू नये, त्याला मार बसतो. समुद्रफूल नसले तरी नेमो सुखाने राहतो. शेवाळ खायला चार-पाच समुद्री गोगलगायी पुरेत. मात्र तांबे असलेले औषध पेटीत टाकू नये. गोगलगायी आणि कोळंबी त्याने मरतात.

समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा पैदास केंद्रात वाढलेला नेमो घ्यावा. तो सुके खाद्य खातो आणि टिकतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या केंद्रातही या माशांची पैदास करण्यात आली आहे. समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; कोणी विकायला आणले तरी घेऊ नयेत.

हा खर्च झेपत नसेल, तर गोड्या पाण्यातले गप्पी पाळावेत. त्यात कमीपणा नाही. जीव घरी आणला की त्याचे अन्न, पाणी आणि शेजार ही आपली जबाबदारी ठरते. मैत्रीभावना ती हीच.

दुसऱ्या वेळी धाकटीने दीड महिना रिकाम्या पाण्याकडे पाहत धीर धरला. आज त्या पेटीत तीन मासे आहेत आणि तिघेही जगले आहेत.

जय भीम!