विजेच्या खांबावरील माणूस आणि आपला जमाखर्च

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत सरकारी नोकरांच्या हातमोज्यांविषयी आणि कमरपट्ट्यांविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. हे साहित्य ज्या पैशातून विकत घेतले जाते, तो पैसा करांच्या व वीजबिलांच्या रूपाने बऱ्याच अंशी आपल्याच गल्ल्यांतून गेलेला असतो. ते साहित्य नसल्याने जो अनर्थ होतो, त्याची झळही आपल्याच बाजारपेठेला लागते. शिवाय, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, त्या अनर्थाचे एक कारण आपल्याच दुकानांच्या मागील पडवीत उभे असते.

गोव्यात वीजपुरवठा हे कोणा कंपनीचे काम नाही. ते सरकारच्या वीज खात्याचे आहे. १९६१ च्या मुक्तीपूर्वी येथे वीज मोजक्या शहरांपुरतीच होती. पेडणे व डिचोली या नव्या काबिजादीतील तालुक्यांत जुन्या पिढीच्या दुकानदारांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात वह्या लिहिल्या आहेत. आज डिचोलीतील औषधाच्या दुकानातील शीतकपाट, पेडण्यातील सोनाराची भट्टी, मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या विमानतळाच्या वाटेवरील लहानमोठी उपाहारगृहे, ही सर्व एका तारेला टांगलेली आहेत. ती तार काजूच्या डोंगरांतून, माडांच्या कुळागरांतून व रबराच्या मळ्यांतून येते. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात झाड तारेवर पडणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. मग रात्री, भर पावसात, निसरड्या खांबावर कोणीतरी चढावे लागते. त्या माणसाला आपण ‘लाइनमन’ म्हणतो आणि वीज आली की विसरतो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले, त्याची आठवण वाचकांना असेलच. झाडे व खांब मोठ्या संख्येने उन्मळून पडले. कित्येक गावे काही दिवस अंधारात राहिली. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती, आणि रुग्णालयांना व घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णांना विजेचा क्षणभरही खंड परवडणारा नव्हता. त्या दिवसांत वीज खात्याची, अग्निशमन दलाची आणि वन खात्याची माणसे ज्या तडफेने राबली, तिची प्रशंसा सर्वांनीच केली. तथापि प्रशंसेने विजेचा धक्का अडत नाही.

तो कशाने अडतो? केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम २०१० साली निघाले व २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. तारेवर काम करणाऱ्यास हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधने, हेल्मेट व टेस्टर पुरविले गेले पाहिजेत आणि ती सुस्थितीत राखली पाहिजेत, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे हा खर्च करावा की न करावा, हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. उरतो तो प्रश्न खर्च कसा व केवढा, एवढाच.

येथे व्यापाऱ्याची नजर उपयोगी पडावी. घरगुती दाबाच्या तारेसाठी बनविलेला हातमोजा ११,००० व्होल्टच्या तारेला पुरत नाही. दिसायला दोन्ही रबरीच; पण त्यांचा वर्ग निराळा आणि किंमतही निराळी. रबर उन्हाने व काळाने जुने होते, त्यास सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी तो हातमोजा हातमोजा राहत नाही. म्हणून वापरण्यापूर्वी त्यात हवा कोंडून तो तपासावयाचा असतो आणि ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत त्याची चाचणी व्हावयाची असते. एकदा खरेदी करून गोदामात शंभर जोड रचून ठेवले, की काम झाले, असे ह्या वस्तूंचे नसते. आपण कापडाचे अथवा धान्याचे व्यापारी. गोदामात पडून राहिलेला माल काय होतो, हे आपणांस शिकवावयास नको. अशा खरेदीत सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारण्याचा सरकारी परिपाठ हा मला तरी काटकसर वाटत नाही. मापात खोट असलेला हातमोजा स्वस्त नसून फुकट गेलेला असतो.

सरकारी नोकरांना पगार आहे, निवृत्तिवेतन आहे, आणखी किती लाड करावयाचे, असा एक आक्षेप आपल्या बैठकांतून ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश नाही असे नाही; कार्यालयांतील खुर्च्या, मोटारी व वातानुकूलन यांवरील खर्चाविषयी मीही कुरकुरत असतो. परंतु साहेबाची मोटार आणि लाइनमनचा पट्टा एकाच सदरात मांडणे हा जमाखर्चाचा दोष आहे. पहिली सोय आहे. दुसरे काम करण्याचे हत्यार आहे. शिवाय खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटी मदतनीसही असतात. त्यांना ना निवृत्तिवेतन, ना कायमची नोकरी. अपघात झाल्यावर मात्र तिजोरी उघडते: नुकसानभरपाई, सानुग्रह अनुदान, वारसास अनुकंपा तत्त्वावर नोकरी. हा खर्च कोणी अमान्य करीत नाही, करूही नये. मात्र जी तिजोरी मृत्यूनंतर उघडते, ती मृत्यूपूर्वी एका अर्थिंग रॉडसाठी का उघडू नये, हे मला समजत नाही.

मुंबईतील आपल्या आप्तेष्टांना ठाऊक असलेली एक गोष्ट येथे सांगणे इष्ट होईल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या, सोने होते आणि शेकडो टन स्फोटके होती. धोक्याच्या मालाची सूचना देणारे लाल निशाण जहाजावर नव्हते. आग विझविण्यास गेलेल्यांपैकी अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटांत मृत्युमुखी पडले, आणि गोदीलगतची व्यापाऱ्यांची गोदामे भस्मसात झाली. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत, म्हणजे आपल्या व्यापाराच्या हृदयस्थानीच, एका जुन्या इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी बळी पडले. दोघे इमारत कोसळून तत्काळ, दोघे भाजल्यामुळे पुढे काही दिवसांनी. १९४४ च्या घटनेतून एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्या जवानांपाशी नळ व पाणी होते. नव्हती ती माहिती. समोर काय आहे, याची खबर हेही सुरक्षिततेचे साधनच होय, आणि ती खबर देणे पुष्कळदा मालकाच्या हाती असते.

आता आपल्या पडवीतील गोष्टीकडे वळतो. वीज गेली की बाजारात जनरेटरांचा खडखडाट सुरू होतो. जनरेटर आणि सरकारी तार यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच असला, तर एका वेळी एकाच बाजूची वीज चालते. तो नसला, अथवा एखाद्या जोडाऱ्याने घाईत तार सरळ मुख्य फळीवर जोडून दिली, तर जनरेटरची वीज उलट्या दिशेने रस्त्यावरील तारेत शिरते. तेथून ती ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचली, की जो ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज घरगुती दाबावर उतरवितो, तोच उलट मार्गाने तिला पुन्हा त्या दाबावर चढवितो. लाइनमनने उपकेंद्राकडून परवाना घेतला आहे, आयसोलेटर उघडला आहे, तार मृत आहे अशी त्याची खात्री आहे. आणि तिला प्राण आलेला आहे कोणा दुकानदाराच्या आइस्क्रीमच्या पेटीसाठी. अशा वेळी त्यास वाचविणारी वस्तू म्हणजे काम करावयाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीस जोडून ठेवणारे अर्थिंग. आपल्या जांभ्या दगडाच्या कोरड्या भूमीत चांगले अर्थिंग मिळणे कष्टाचे असते, म्हणून त्या साधनाचा दर्जा उत्तम हवा आणि ते प्रत्येक गाडीत हवे.

दुसरा दोष आपल्या दूरध्वनीचा. चवथीचा बाजार भरात आला असताना वीज गेली, तर पाच मिनिटांत पंचवीस जण अभियंत्यास फोन करतात, आणि त्यांतील दोघे-तिघे आमदारास. हा दबाव उतरत उतरत खांबावरच्या माणसापर्यंत पोहोचतो. तारा जमिनीस जोडण्यास व टेस्टरने तपासण्यास लागणारी मिनिटे सर्वप्रथम कापली जातात. ज्या समाजात पाऊल टाकतानाही यतना पाळण्याचा उपदेश आहे, त्या समाजाने तरी ही दहा मिनिटे मागू नयेत.

मंडळाला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गोव्याचे वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवितो व त्यासाठी जाहीर सुनावणी घेतो. तेथे आपण दरवाढीस विरोध करावयास जातो, ते योग्यच आहे. परंतु त्याच सुनावणीत, सुरक्षासाहित्यावर गतवर्षी किती रक्कम मंजूर झाली, प्रत्यक्षात किती खर्च झाली, हातमोज्यांची चाचणी केव्हा झाली आणि कंत्राटी मदतनिसांना ते मिळाले काय, हे लेखी विचारावे. जो विचारतो, त्यासच वाढीव दर कशासाठी भरतो हे कळते.

दुसरी गोष्ट घरची आहे. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, पेडणे व डिचोली बाजारपेठेतील प्रत्येक सभासदाने आपला जनरेटर परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा, चेंजओव्हर स्विच नसल्यास बसवून घ्यावा, आणि जनरेटर असलेल्या दुकानांची यादी मंडळाने स्थानिक वीज कार्यालयास द्यावी. यादी दोन पानांची होईल. ती लाइनमनच्या गाडीत असावी, असा आग्रह धरावा.