जुना फोन विकताना

मोरजीसारख्या गावात जुना फोन बहुधा ओळखीच्याच माणसाला विकला जातो. घेणारा शॅकवर काम करणारा असो की मोटारसायकल पायलट, त्याला त्यावर गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे असतात. म्हणूनच 'रूट' केलेला फोन तसाच त्याच्या गळ्यात मारणे अप्रामाणिकपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रूट करणे म्हणजे कंपनीने राखून ठेवलेला संपूर्ण ताबा आपल्याकडे घेणे. स्वतःच्या फोनवर त्यात गैर काही नाही; परंतु अशा फोनवर बँकांची अनेक अॅप्स चालत नाहीत. 'फॅक्टरी रीसेट' केले की झाले, हा गैरसमज होय. त्याने आपली माहिती पुसली जाते. मूळ प्रणालीतले बदल राहू शकतात. प्रथम गूगल खाते काढावे, मग त्याच मॉडेलची कंपनीची प्रणाली पुन्हा भरावी आणि ती नीट चालल्यावरच बूटलोडर बंद करावा. घाई केल्यास फोन निकामी होऊ शकतो. एवढे करूनही सॅमसंगच्या अनेक फोनांतली 'नॉक्स'ची खूण एकदा बदलली की पूर्ववत होत नाही. तेव्हा ते आधी सांगावे, मगच किंमत ठरवावी. विद्यार्थी मित्रहो, चार पैसे कमी मिळतील. पण उद्या त्याच वाड्यावर त्याच माणसाला तोंड दाखवायचे आहे.