हायड्रोजन आणि आमच्या काड्या

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कांदा काढणी, लग्नसराई आणि आळस ही तीन कारणं, चढत्या क्रमाने. पण एप्रिलच्या खरड छाटणीला पुतण्याशी जो वाद झाला तो काही डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं. बांधावर छाटलेल्या काड्यांचा ढीग पडलेला. पुण्याचा पुतण्या (हायड्रोजनच्या एका प्रकल्पावर नोकरीला आहे, कंपनीचं नाव कशाला?) चहा पीत ढिगाकडे बघत म्हणाला, "काका, हा सगळा कचरा म्हणजे उद्याचं इंधन आहे. ह्यातून हायड्रोजन निघेल, त्यावर बस चालतील."

मी तीस वर्षं विंचुरात पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. पाण्यात पेन्सिलीची शिसं बुडवून, बॅटरी जोडून, परीक्षानळीत हायड्रोजन गोळा करायचा आणि काडी लावली की 'पॉप' आवाज! मागच्या बाकावरचीसुद्धा पोरं जागी व्हायची. तेव्हा हायड्रोजनशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. माझं भांडण 'कचरा' ह्या शब्दाशी आहे, आणि पुढे जाऊन त्या संशोधनात कोण कोणाशी सहकार्य करतं ह्याच्याशी.

पहिलं म्हणजे तो कचरा नाही. श्रेडर मारून आम्ही तो भुसा वेलींच्या बोदावर अंथरतो. पाणी वाचतं, माती भुसभुशीत राहते. जाड खोडं चुलीला जातात. काहीजण पेटवून देतात, ते चूकच. पण गावात ज्याला उपयोग आहे त्याला पुण्यात 'अवशेष' म्हणतात आणि अवशेष म्हटलं की तो फुकट मिळणार असं गृहीत धरतात. दुसरं म्हणजे काडी हे लाकूड आहे. त्यातलं लिग्निन जिवाणूंना सहजासहजी पचत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीबरोबर शेतीच्या अवशेषांतून हायड्रोजन काढायचं जे तंत्र २०२१ साली जाहीर केलं, ते भात, गहू, मका यांच्या काडावरचं. खास जिवाणूंचा समूह, रासायनिक प्रक्रियेशिवाय. काम चांगलं आहे, मी मनापासून म्हणतो. पण द्राक्षाच्या काडीला ते जसंच्या तसं लागू पडेल असं पुतण्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्याने ढीग पाहिला आणि ठरवलं. :)

आता जरा मोठं चित्र. २००३ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनला हायड्रोजन अर्थव्यवस्थेसाठी देशादेशांची भागीदारी स्थापन झाली, भारत तिचा संस्थापक सदस्य. २००६ साली आपला राष्ट्रीय आराखडा आला. त्यात काय होतं? २०२० पर्यंत रस्त्यावर दहा लाख हायड्रोजन वाहनं आणि हायड्रोजनवर हजार मेगावॉट वीज! २०२० साली प्रत्यक्षात काय झालं, तर पाषाणच्या एनसीएलच्या आवारात एक मोटार चाचणीला धावली. त्या मोटारीला मी हसत नाही. एनसीएल, कराईकुडीची सेक्री आणि केपीआयटी यांनी २०१६ पासून एकत्र बसून इंधनघट देशात बनवला, २०२२ साली पुण्यात बसही दाखवली. असं सहकार्य आपल्याकडे क्वचितच होतं. माझी तक्रार आहे ती आराखड्याने वाहनांवर बोट ठेवलं ह्याची.

हिशोब करू. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला पन्नासच्या वर युनिट वीज जाते. त्या किलोत ऊर्जा असते तेहतीस युनिटांची. इंधनघटातून तिची पुन्हा वीज करताना साधारण अर्धी हाती लागते. म्हणजे पन्नास घातले, सोळा-सतरा आले. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर तीन चतुर्थांशाहून जास्त चाकापर्यंत पोचते. लांब पल्ल्याच्या जड ट्रकचं गणित वेगळं असू शकेल, पुतण्या तेच म्हणाला, मी सोडून दिलं. पण शहरातली बस?

मग हायड्रोजन लागतो कुठे? मंडळी, तो आमच्या ओट्यावर रचून ठेवलेला असतो. युरियाच्या गोणीत!

युरिया अमोनियापासून होतो, अमोनिया हायड्रोजन आणि हवेतल्या नायट्रोजनपासून. पंचेचाळीस किलोच्या एका गोणीमागे साधारण साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो नैसर्गिक वायूतून काढतात, त्यात बराचसा वायू आयातीचा, आणि त्या पायी धूर निघतो तो वेगळाच. थळच्या आरसीएफपासून सगळीकडे हेच. हा हायड्रोजन विजेवर काढायचा तर गोणीला सव्वादोनशे युनिटच्या वर वीज. युनिट चार रुपयांनी धरलं तरी नुसत्या विजेचे नऊशे रुपये, आणि आमच्या हातात गोणी पडते पावणेतीनशेच्या आत, कारण बाकीचं सरकार भरतं. त्यात आणखी एक मेख. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, तो वायूच्या कारखान्यात आयता मिळतो, पाण्यातून हायड्रोजन काढला की तो बाहेरून आणावा लागतो. म्हणजे खरं अवघड संशोधन इथे आहे. ही दरी बुजवली तर निफाड तालुक्यातल्या प्रत्येक ओट्यावर हायड्रोजन अर्थव्यवस्था येईल, आणि तिचं उद्घाटन करायला कोणी फिरकणार नाही, हेही तितकंच खरं.

जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं. १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, संशोधनाला ४०० कोटी. शंभरातले दोन रुपये! एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर केली, खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव. २०२५ च्या पहिल्याच लिलावात पारादीपच्या खत कारखान्यासाठी किलोला ५५ रुपये ७५ पैसे भाव निघाला. १०:२६:२६ सारख्या खतांना हा अमोनिया चालतो, तिथे कार्बन डायऑक्साइडची अडचण नाही. आम्ही कांद्याला तेच टाकतो. पण ही बातमी मला कोणत्या चौकात ऐकू आली? बसची आली होती.

"काका, तुम्हाला प्रत्येक नव्या गोष्टीचा संशय," पुतण्या म्हणाला. हो, येतो. त्याला कारणं आहेत आणि ती दोन्ही इथून हाकेच्या अंतरावर आहेत.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' आहे, २००२ च्या सुमाराचं. कांद्याला गॅमा किरण देऊन कोंब थांबवायचे, हा मूळ उद्देश. विज्ञान चोख. पण किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. शिवाय आणणं, नेणं आणि पुढची साठवण हा खर्च कांद्याच्या भावात बसायला हवा. तो हिशोब शेतकऱ्याला शेजारी बसवून आधी कोणी मांडला? २००७ साली तिथूनच किरण दिलेला आंबा अमेरिकेला गेला, त्याचा आनंदच आहे. आमचा कांदा मात्र अजून चाळीत सडतो.

दुसरं कारण घरचं. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं. दादाने दोन एकर थॉमसन तोडून शिराज लावली. २००८-०९ च्या मंदीत वाईनचा उठाव बसला, जिल्ह्यातल्या कितीतरी वायनऱ्या अडचणीत आल्या. आमचा करार ज्यांच्याशी होता त्यांच्याकडे दोन हंगामांचे पैसे अडकले. करार इंग्रजीत, सोळा पानी. भाव कोण ठरवणार हे अकराव्या पानावर होतं, ते आम्ही नंतर वाचलं. शेवटी शिराजही तोडली. ते दोन एकर तोडताना दादा एक शब्द बोलला नाही. आणि आता त्याचाच मुलगा मला सांगतोय की उद्योग येऊ द्या, शेतकऱ्याचं भलं होईल.

असो. नुसतं भांडून उठणं मला आवडत नाही, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो. जिवाणूंना ओला माल हवा ना? विंचुरात तो ढिगांनी आहे. वायनरीतून निघणारा द्राक्षाचा चोथा, आणि उपबाजारात लिलावानंतर पडून राहणारा सडका कांदा. त्याचा वास ज्याने मे महिन्यात घेतलाय तो ह्याला कचरा म्हणायला हरकत घेणार नाही. ह्यावर प्रयोग करा. पण इथे येऊन करा, तीनशे दिवस करा, भर उन्हाळ्यात आणि लोडशेडिंगमध्ये करा. प्रयोगशाळा आणि कंपनी यांच्या करारात तिसरी सही शेतकऱ्यांच्या संस्थेची असू द्या. टनाला भाव आधी ठरवा. उरलेली स्लरी शेतात परत द्या, कारण तीत आमचं नत्र आहे. आणि प्रयोग फसला तर का फसला ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. विद्यार्थ्यांना मी प्रयोगवहीत हेच लिहायला लावत होतो, निरीक्षण चुकलं तरी खोडायचं नाही.

पुतण्या म्हणाला, "इतक्या अटींवर कोण येईल?" दादा तोवर गप्प होता. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "ज्याला खरंच काम करायचंय तो येईल." आणि श्रेडर चालू करायला निघून गेला.

तर बाबा रे, तू हे वाचतोयस हे मला ठाऊक आहे. जानेवारीत वायनऱ्यांचा हंगाम सुरू झाला की चोथा निघेल, दोन पिंपं भरून ठेवतो. तुझ्या साहेबांना घेऊन ये, जेवायलाच या. कागद मात्र मराठीत आणा, आणि भावाचं कलम पहिल्या पानावर.