फासा दुसऱ्याच्या हातात

रात्रीच्या बसने पुण्याहून नागपूरला निघालो होतो, म्हणून एक इंग्रजी ऑडिओबुक विकत घेतलं. गेमच्या धर्तीवर रचलेली जादुई दुनिया, ड्रॅगन, चार साथीदार, लांबी १७ तास. जालना यायच्या आत कानातली बोंडं काढून ठेवली.

नायकाने राक्षस लोळवला रे लोळवला की निवेदक खणखणीत आवाजात वाचायला लागायचा: ताकद १४, चपळाई ११, अनुभवाचे गुण अमुक, पुढच्या लेव्हलला तमुक बाकी. छापील पानावरच्या अशा तक्त्यावरून नजर झर्रकन पुढे जाते. कानाला तशी सवलत नाही. बरं, जरा वेळाने पुन्हा तीच यादी. फरक काय, तर चपळाई आता १२!

असल्या गोष्टींचं एक मोठं मूळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला खेळ. टेबलाभोवती चारपाच जण, त्यांतला एक गोष्ट चालवणारा, आणि वीस बाजूंचा फासा. तो हातातून सुटताना काळजात धस्स होतं, कारण मरायची पाळी आपल्या गड्यावर आलेली असते. ऐकणाऱ्याच्या हातात फासाच नाही. शेजारच्या घरात सारीपाट रंगलाय आणि आपण भिंतीला कान लावून दान मोजतोय, अशी गत. माझा भाचा दिवसभर गेम खेळतो. त्याला दोन मिनिटं ऐकवलं तर म्हणाला, “मामा, पण यात खेळतंय कोण?”

म्हणून खेळातून आलेली प्रत्येक कादंबरी टाकाऊ, असं कृपा करून समजू नका. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची १९८४ची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ याच खेळाच्या साहसांसोबत घडली. तिच्यातला रेस्टलिन हा मांत्रिक घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात बोलतो. तो आवाज चाचणीच्या डावात एका खेळाडूने सहज काढला होता. लेखकांनी नेमका तो उचलला, गुणांचे आकडे टेबलावरच राहू दिले.

तेव्हा असं ऑडिओबुक घेताना एवढं करा. नमुन्याची पाच मिनिटं बहुधा सुरुवातीची असतात, आणि सुरुवात कोणीही घासूनपुसूनच देतो. तिच्यावर जाऊ नका. पुस्तक हाती आलं की थेट मधलं एखादं प्रकरण लावा, शक्यतो लढाईचं. कोण कोणाला का मारतंय आणि हरला तर त्याचं काय जाणार, हे आकड्यांवाचून कळलं तर खुशाल पहिल्यापासून ऐका. हात सारखा वेग दीडपट करायला जात असेल, तर उत्तर मिळालंच. ‘पैसे मोजलेत, संपवायलाच हवं’ हा हट्टही नको. पैसे गेले ते गेले, वर १७ तास कशाला घालवायचे? आणि परत करायची सोय असली, तर तिची मुदत पहिल्याच दिवशी बघून ठेवा. मी बघितली तेव्हा ती उलटून दोन दिवस झाले होते.