फडताळांतील ओढता खण

शाहूवाडीच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत. त्यामुळें स्वयंपाकघरांतील फडताळेंही तशींच खोल. लहानपणीं ही खोली आम्हांस घराच्या ऐश्वर्याची खूण वाटे. तिचा भार कोणाच्या कंबरेवर पडतो हें कळावयास मात्र साठी ओलांडावी लागली.

गतवर्षीं माघांत आजारांतून उठलेल्या नातवासाठीं आम्ही वडील वहिनींजवळ मऊ भात व मेतकूट मागितलें. "मेतकूट संपलंय, भावोजी," त्या म्हणाल्या. तीन दिवसांनीं झाडलोट करतांना सूनबाईंना खालच्या कप्प्यांत अगदीं मागें भरलेला डबा सांपडला. मग शोध घेतां कुळथाचें पीठ, नाचणीचें सत्त्व, आमसुलें अशा अनेक 'संपलेल्या' वस्तु बाहेर आल्या. वहिनींचे गुडघे दोन वर्षें वांकत नव्हते. चाळीस वर्षें ज्यांच्या कंबरेला घराच्या किल्ल्या, त्यांना "एवढा डबा काढून दे" असें सुनेस सांगणें जड जात होतें. वस्तु संपली म्हणणें त्यापेक्षां सोपें.

नागेशभट्टांच्या मंजूषेंत शोधणाऱ्यास हवें तें सांपडतें, आणि आमच्या फडताळांत मेतकूट हरवतें, ही गोष्ट मनाला लागली. १९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनीं नव्या वसाहतींसाठीं जें चिंचोळें स्वयंपाकघर आंखलें, त्यांत जिन्नसांसाठीं ओढून काढावयाचे ॲल्युमिनियमचे डबे होते. पिठाला तेवढा कीड लागूं नये म्हणून ओकच्या लाकडाचा. गृहिणीच्या हालचाली मोजून तें घडविलें होतें. आमच्या वडिलांनीं भिंत मोजली, वहिनींची पाठ कोणी मोजली नाहीं.

तेव्हां आम्हीच करवत हातीं घेतली. जुन्या भिंतींना काटकोन ठाऊक नसतो, म्हणून रुंदी पुढें, मध्यें व मागें मोजून सर्वांत लहान माप धरावें. दाराची चौकट आंत आलेली असल्यास तिचेंही माप घ्यावें, नाहींतर खण आंत राहतो व बाहेर येत नाहीं. खणाच्या बाजू तीन इंचांहून उंच नकोत, डबे दिसले पाहिजेत. आंत दोन्ही बाजूंस लाकडी पट्ट्या स्क्रूनें बसवून त्यांवर खण सरकवावा. तो अर्ध्याहून अधिक बाहेर आला कीं पुढचा भार तोंड खालीं ओढतो व मागची कड उचलते. यासाठीं खणाच्या बाजूंवर किंचित् अंतर ठेवून आणखी एकेक पट्टी लागते. शिवाय भरला खण पायावर येऊं नये म्हणून मागें अडणीचा ठोकळा हवाच. पट्ट्यांवर मेणबत्ती घासली कीं काम झालें.

झालें असें आम्हांस वाटलें. तळाला आम्ही फणसाच्या फळ्या घातल्या होत्या, रेषे पुढून मागें असे, आणि दोन्ही बाजूंस फट एकेक सूत. फाल्गुनांत खण लोण्यासारखा सरके. आषाढांत आंबा घाटाकडून पाऊस उतरला आणि चार दिवसांनीं वहिनी म्हणाल्या, "पोहे संपलेत." आम्ही मुकाट्यानें उठून खण ओढून पाहिला. तो जागचा हलेना!

मलकापूरचे सुतार हंसले. लाकूड रेषांच्या दिशेनें जवळजवळ वाढत नाहीं, रेषांना आडवें मात्र फुगतें, हें त्यांनीं आम्हांला पहिल्या इयत्तेंतील मुलास सांगावें तसें सांगितलें. आमच्या फळ्या नेमक्या रुंदींत फुगल्या होत्या. प्लायवूडमध्यें पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्यामुळें तें कोणत्याच बाजूस फारसें फुगत नाहीं. इकडच्या हवेंत साधें न घेतां 'आय. एस. ७१०' असा शिक्का असलेलें, पाण्यास टिकणारें घ्यावें. लाकडी फळ्याच वापरावयाच्या असतील तर रेषे डावीकडून उजवीकडे ठेवावे व मागें फुगण्यास जागा सोडावी.

चिरंजीवांनीं लोखंडी गोळ्यांवर सरकणाऱ्या चॅनेलचा आग्रह धरला. त्याला प्रत्येक बाजूस चार सूत, म्हणजे एकूण एक इंच जागा लागते. परंतु खण पुरता बाहेर येतो. गंज चढेल ही आमची शंका अजून कायम आहे. पण वहिनींनीं दोन्ही खण ओढून पाहिले आणि चॅनेलचा हातास हलका लागतो म्हणाल्या. वाद तेथें मिटला. लांकडी पट्ट्यांचा खण आतां आमच्या पुस्तकांच्या कपाटांत आहे.

परवां सकाळीं वहिनी चौरंगावर बसून खण ओढीत होत्या. सूनबाई विचारीत होत्या, वहिनी बोट दाखवीत होत्या. "मेतकूट आहे," त्या म्हणाल्या, "पण आठ दिवसच पुरेल. डाळी भाजायला घे."