अंतर तेच, प्रवास दीर्घ

हेलसिंकी ते तोकियो हे सुमारे 7,800 किलोमीटरांचे जे हवाई अंतर 2022 पूर्वी सैबेरियावरून जाणारे विमान साधारण साडेनऊ तासांत कापीत असे, त्यालाच आता, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोप व रशिया यांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केल्यामुळे, उत्तर ध्रुवावरून किंवा मध्य आशियाकडून वळसा घालीत सुमारे 13 तास लागतात. इंधनाचा हा बोजा अखेर उतारूंच्या माथी येतो, हे खरे; तथापि आक्रमक सत्तेच्या खजिन्यात उड्डाण-शुल्काचा महसूल भरून वाचविलेल्या वेळेपेक्षा हा विलंब मला शतपट श्रेयस्कर वाटतो. चिनी कंपन्यांची विमाने मात्र आजही सैबेरियावरूनच युरोपात उतरतात. युरोपीय संघाने त्यांनाही या बाबतीत सक्त ताकीद द्यावी.