आधी आरडाओरडा, मग विकेट
रविवारी शेजारच्या काकांच्या टीव्हीवर विकेट पडली, आरडाओरडा झाला, आणि माझ्या फाइव्ह-जी मोबाइलवर गोलंदाज अजून रनअपच घेत होता. कारण इंटरनेटचा वेग आणि विलंब वेगळे. वेग म्हणजे नळाची जाडी. विलंब म्हणजे तोटी सोडल्यावर पहिला थेंब यायला लागणारा वेळ. फाइव्ह-जीच्या जागतिक निकषांत सेकंदाला २० गिगाबिटचा कमाल वेग आहे, तसा अतिविश्वासार्ह सेवांसाठी १ मिलिसेकंदाचा विलंबही; पण तो मोबाइल ते टॉवर एवढ्यापुरताच. पुढे काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला जेमतेम २०० किलोमीटर जातो, आणि सामन्याचं चित्र तर काही सेकंद साठवूनच दाखवतात. हा उशीर सिक्स-जी आलं म्हणून आपोआप जाणार नाही. जाहिरातीत नुसता वेग छापणं ग्राहकावर अन्याय आहे. पुढच्या रिचार्जला तुम्हीही विचारा: वेग कळला, उशीर किती?